इफियेनिया, जेवायला ये!

आमच्या इमारतीखाली एक छोटंसं मैदान आहे. दोन झोके, एक घसरगुंडी आणि कडेने कडू संत्र्यांची झाडं, अथेन्सच्या फुटपाथांवर असतात तीच. आठ वाजत आले की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक येते, "इफियेनिया! जेवायला ये!" आणि पाच वर्षांची इफियेनिया धूम ठोकते. अर्थात विरुद्ध दिशेला.

पहिल्यांदा ही हाक ऐकली तेव्हा मी चमकलेच. मला ठाऊक होती ती ग्रीक पुराणातली इफियेनिया वेगळी होती. तिला बापाने लग्नाचं आमिष दाखवून बोलावून घेतलं आणि वेदीवर बळी दिलं. असलं नाव कुणी हौसेने ठेवतं? चौकशी केली तर कळलं, इथे नातवंडांना आजी-आजोबांचं नाव ठेवायची रीत आहे आणि या छोटीची आजीही इफियेनियाच. आजीला ग्रीकमध्ये 'याया' म्हणतात. हळूहळू ती माझीही याया झाली. छोटीच्या बालवाडीत एक ओरेस्टिस आहे, एक इलेक्ट्रा आहे. गोष्टीतल्या इफियेनियाचा भाऊ ओरेस्टिस, त्याने आईचा खून केला आणि बहीण इलेक्ट्रा त्याच्या पाठीशी उभी राहिली. मी यायाला म्हटलं, आमच्याकडे कुणी मुलाचं नाव दुर्योधन ठेवत नाही, मुलीचं कैकेयी ठेवत नाही. ती हसली. मग मी विचारलं, "आणि त्यांची आई, क्लायटेम्नेस्ट्रा? ते नाव ठेवतात?"

याया भेंडीची देठं काढत बसली होती. तिचा हात थांबला. "छे! ते कोण ठेवेल?"

म्हणजे बापाने मारलेली मुलगी चालते, आईला मारणारा मुलगा चालतो, ती आई तेवढी चालत नाही. हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

घराणं तसं पहिल्या पिढीपासूनच बिघडलेलं. मुलीचा बळी देणारा तो बाप अगामेम्नॉन, त्याचा पणजोबा टँटलस, देवांचा राजा झ्यूसचा मुलगा. देवांच्या पंगतीला बसण्याइतका त्यांच्यातला. देवांना खरंच सगळं कळतं का, हे पाहायला त्याने स्वतःच्या मुलाला, पेलॉप्सला, कापून शिजवलं आणि देवांपुढे वाढलं. हे वाचताना मला थेट आमच्या घरातलं माजघर आठवलं. श्रावणात आजी शिवलीलामृत वाचायची आणि चिलया बाळाचं आख्यान आलं की मी गोधडीत तोंड खुपसायचे. अतिथी होऊन आलेल्या शंकराने पोटच्या पोराचं मांस मागितलं आणि चांगुणेने चिलयाचं मस्तक उखळात घालून कांडलं, डोळ्यांत पाणी न आणता. दोन्ही गोष्टींत पोर जिवंत होतं. पण आपल्याकडे देव माणसाची परीक्षा पाहतो, इथे माणूस देवाची पाहायला गेला. त्यामुळे श्रियाळ राजाचा उद्धार झाला आणि टँटलस पाताळात गेला. गळ्यापर्यंत पाणी, डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या. वाकला की पाणी आटतं, हात वर केला की फांदी सरकते.

देवांनी ताट ओळखलं होतं. फक्त डिमिटर देवी, तिची स्वतःची लेक हरवली होती, त्या दुःखात लक्ष नसताना एक घास खाऊन बसली. पेलॉप्सच्या खांद्याचा. देवांनी त्याला पुन्हा जिवंत केलं तेव्हा तो खांदा हस्तिदंताचा बसवला.

पुढे हा पेलॉप्स हिप्पोडामियाशी लग्न करायला रथांच्या शर्यतीत उतरला. तिच्या बापाचा सारथी मिर्टिलस याला फोडून रथाच्या चाकांच्या खिळींजागी मेण भरवलं, सासरा फरफटत मेला आणि कामगिरी झाल्यावर मिर्टिलसलाच समुद्रात ढकललं. बुडता बुडता त्याने घराण्याला शाप दिला. याच पेलॉप्सच्या नावाने दक्षिण ग्रीसला पेलोपोनीज म्हणतात, म्हणजे पेलॉप्सचं बेट. एरवी तो द्वीपकल्पच, पण 1893 साली कॉरिंथचा कालवा कापल्यापासून नावाला जागतो.

गेल्या वसंतात यायाच्या मुलाने गाडी काढली आणि आम्ही तो कालवा ओलांडून मिकीनेसला, म्हणजे मायसीनीला गेलो. अथेन्सपासून साधारण 120 किलोमीटर. दोन डोंगरांच्या मध्ये दबा धरून बसल्यासारखी टेकडी. तटाचे दगड एवढे अजस्र की नंतरच्या ग्रीकांना ते एकाक्ष राक्षसांनी रचले असं वाटायचं. सिंहद्वार इसवी सनापूर्वी 1250 च्या सुमाराचं. वरच्या दोन्ही सिंहांची डोकी नाहीत. सिंह की सिंहिणी यावर याया आणि तिचा मुलगा पूर्ण चढभर वाद घालत होते.

या टेकडीवर एट्रियस राज्य करत होता, पेलॉप्सचा मुलगा. भाऊ थायेस्टीसने त्याची बायको आणि सिंहासन दोन्हींवर डोळा ठेवला. एट्रियसने समेटाच्या नावाने त्याला जेवायला बोलावलं आणि त्याच्याच मुलांचं मांस वाढलं. जेवण झाल्यावर त्यांची मुंडकी दाखवली. म्हणतात, ते पाहून सूर्याने वाट उलटी धरली. सूड घ्यायला थायेस्टीसला जो मुलगा झाला तो एजिस्थस. कुणापासून झाला ते आजीसमोर बोलायचं नाही म्हणून यायाच्या मुलाने ग्रीकमधून इंग्रजीत उडी मारली, आणि याया म्हणाली, "त्याच्याच मुलीपासून. मला माहीत नाही असं वाटतंय का तुला?"

एट्रियसचा मुलगा अगामेम्नॉन. ट्रॉय शहरावर चाल करून निघालेली त्याची जहाजं औलिसच्या बंदरात अडकली. यायाचं माहेर तिथून जवळ, खाल्किदाला. तिथल्या सामुद्रधुनीत पाणी दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलतं, पुलावर उभं राहिलं की दिसतं. पाणी वळत होतं, वारा मात्र साथ देईना. आर्टेमिस देवीचा कोप झालाय, मुलगी दे, असं राजज्योतिषी म्हणाला. अगामेम्नॉनने घरी निरोप धाडला की पोरीचं लग्न शूर अकिलीसशी ठरवलंय, पाठवून दे. क्लायटेम्नेस्ट्रा स्वतः आली, नवरीला घेऊन, तान्ह्या ओरेस्टिसला कडेवर घेऊन. युरिपिडीसच्या नाटकात ती तिथे नवऱ्याला एक जुनी गोष्ट ऐकवते. तिचा आधी एक नवरा होता, एक अंगावर पिणारं बाळ होतं. अगामेम्नॉनने दोघांना मारलं आणि मग तिच्याशी लग्न केलं. म्हणजे या माणसाच्या पायी तिची दोन लेकरं गेली.

दहा वर्षांनी तो ट्रॉय जिंकून परतला, सोबत राजकन्या कॅसँड्रा, लुटीतली. तोवर क्लायटेम्नेस्ट्राने एजिस्थसला जवळ केलं होतं. नवरा स्नानाला गेला तेव्हा तिने अंगावर कापड टाकून त्याला गुरफटलं आणि तीन घाव घातले. एस्किलसच्या नाटकात ती लपूनछपून बसत नाही, प्रेताजवळ उभी राहून सांगते की हो, मीच.

सिंहद्वारातून आत गेलं की उजव्या हाताला कबरींचं गोल आवार लागतं. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहून गेला की अगामेम्नॉनला तटाच्या आत पुरलं, क्लायटेम्नेस्ट्रा आणि एजिस्थस यांना मात्र बाहेर, कारण आत पुरण्याची त्यांची लायकी नव्हती. जर्मन उत्खननकार श्लीमनने 1876 मध्ये त्याच्यावर विसंबून आत खणलं आणि सोन्याचे मुखवटे निघाले. 'अगामेम्नॉनचा मुखवटा' अजून त्याच नावाने अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, जरी तो ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळापेक्षा तीनशे-साडेतीनशे वर्षं जुना आहे. मला मुखवट्यापेक्षा त्याच दालनातल्या दुसऱ्या गोष्टीने धरून ठेवलं. त्या सहा कबरींत 19 माणसं होती: 8 पुरुष, 9 बायका आणि 2 तान्ही मुलं. मुलांना डोक्यापासून पायापर्यंत सोन्याच्या पत्र्यात गुंडाळलेलं. त्यांच्या मापाचे पत्रे. कुणीतरी माप घेतलं असेल ना.

'क्लायटेम्नेस्ट्राची कबर' म्हणतात ती खरोखर तटाबाहेर आहे. ती तिची नाहीच, घुमटाची ती कबर कुण्या अनाम राजवंशीयाची, नाव मागाहून चिकटलेलं. पण नाव चिकटवतानाही तिला बाहेरच ठेवलं. याया तिथे पायरीवर बसली, गुडघे दुखतात तिचे, आणि आत डोकावलीसुद्धा नाही.

मग बापाचा सूड म्हणून ओरेस्टिसने आईला मारलं आणि सूडदेवता त्याच्या मागे लागल्या. हा खटला अथेन्समध्ये चालला, अॅक्रोपोलिसच्या पायथ्याच्या अरिओपॅगस टेकडीवर. हल्ली तिथे संध्याकाळी पर्यटक सूर्यास्त बघतात आणि गुळगुळीत खडकावरून घसरतात. ग्रीसचं सर्वोच्च न्यायालय आजही तेच नाव लावतं, आरिओस पागोस. इसवी सनापूर्वी 458 मध्ये एस्किलसने हा खटला रंगमंचावर आणला: पिढ्यान्‌पिढ्यांचा सूड आता देव नाही, नागरिक मतं टाकून थांबवणार. शाळेत हे लोकशाहीचं केवढं कौतुक म्हणून शिकवतात. पण बचाव काय होता ते वाचा. ओरेस्टिसच्या बाजूने अपोलो देव म्हणतो, आई ही जन्मदाती नसतेच, ती फक्त पेरलेलं बी सांभाळते. मतं समसमान पडतात आणि अथीना देवी मुलाच्या बाजूने मत देते, कारण ती स्वतः बापाच्या डोक्यातून जन्मली, तिला आई नाही. दोन लेकरं गमावलेल्या बाईचा निवाडा हा. मी वैतागून हे सगळं यायाला ऐकवलं. तिने नेहमीसारखं हनुवटी वर करून 'त्स' केलं, म्हणजे नाही. "कोरी मू, पोरी माझे, जज्ज पुरुष होते," ती म्हणाली आणि ओव्हन उघडून बघायला गेली.

नंतर एका रविवारी ती मला व्रव्रोनाला घेऊन गेली, विमानतळापलीकडे, दलदलीच्या काठी. काही कथांत आर्टेमिसने शेवटच्या क्षणी वेदीवर हरिणी ठेवली आणि इफियेनियाला उचलून दूर काळ्या समुद्रापार नेलं. पुढे ती इथे देवीची पुजारीण झाली आणि इथेच गेली. बाळंतपणात दगावलेल्या बायकांची वस्त्रं तिच्या नावाने इथे वाहायची, असं युरिपिडीसने लिहून ठेवलंय. अथेन्सच्या लहान मुली देवीच्या सेवेला यायच्या, त्यांना 'अस्वलं' म्हणत. शेजारच्या छोट्या संग्रहालयात त्यांचे संगमरवरी पुतळे आहेत, गुबगुबीत गालांचे, कुणाच्या हातात कबुतर, कुणाच्या ओच्यात ससा.

आमची इफियेनिया त्या सशापुढे बराच वेळ उभी होती. मग वळून म्हणाली, "याया, हिला जेवायला कोण बोलावतं?"