तुम्ही विचारलंत म्हणून: मी सोडत का नाही

"इतकी वर्षं तासिकेवर काढलीस, सोडून का देत नाहीस?" लग्नात, बारशात, जुन्या वर्गाच्या ग्रुपवर, सगळीकडे हेच. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, पण तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. हल्ली माजी विद्यार्थीही विचारतात, फक्त शेवटी 'मॅडम' लावतात. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या लग्नात निदान नीट जेवता येईल.

सोडायला आधी नोकरी हातात असावी लागते. माझी नेमणूक सत्र सुरू होऊन बरेच दिवस उलटल्यावर होते आणि सत्र संपलं की आपोआप संपते. राजीनामा मागायला कुणी नाही, घ्यायलाही कुणी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, प्राध्यापकपदाच्या पात्रतेची नेट परीक्षा आणि पीएच.डी. यांच्या त्याच झेरॉक्स, पुन्हा मुलाखत. स्टाफरूममध्ये रोज शेजारी बसून चहा पिणारे सर त्या दिवशी टेबलापलीकडून गंभीर चेहऱ्याने विचारतात, "आपलं नाव?" तेव्हा विचारायचंच असेल तर 'पुन्हा अर्ज का करतेस' असं विचारा. ते जास्त अवघड आहे.

पैशाचं तुम्हाला माहीतच आहे. महिनाअखेरीला बिल भरायचं: तारीख, वर्ग, विषय, तास. विभागप्रमुखांची सही घ्यायची, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवायचा. दिवाळीची सुट्टी, शून्य. परीक्षा चालू म्हणून तास नाहीत, शून्य. पावसामुळे कॉलेज बंद, तरी शून्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2019 मध्ये अतिथी अध्यापकांना तासाला 1,500 आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये द्यावेत असं सांगितलं होतं. आमच्या बिलाचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. शेजारच्या टेबलावर तोच पेपर शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होतं. आणि "तुझं बरंय, घरी नवऱ्याचा पगार आहे" असं मला ऐकवणाऱ्या वहिनींच्या घरीही नवऱ्याचा पगार आहेच. त्यांना बँकेत कुणी तासावर बोलावत नाही.

कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हाचं सांगते. माझं उत्तर असलंच तर त्यातच कुठेतरी आहे.

दुसऱ्या निकषाच्या फायली माझ्याकडे होत्या. त्यात पूर्णवेळ शिक्षक किती आणि विद्यार्थी किती, हे गुणोत्तर द्यावं लागतं. म्हणजे पूर्णवेळ शिक्षकांची यादी मीच टाइप केली, माझं नाव सोडून. संध्याकाळी उशिरापर्यंत बसायचो. त्या कामाला बिलात रकाना नव्हता. समिती यायच्या आदल्या दिवशी विभागाच्या दाराबाहेर माझ्या नावाची पाटी लागली. काळ्या अॅक्रिलिकवर पांढरी अक्षरं, नावापुढे डॉ., खाली 'सहायक प्राध्यापक, अर्थशास्त्र'. कंसात 'तासिका तत्त्वावर' वगैरे काही नाही. वरून निरोप आला, "कुणी विचारलं तर एवढंच सांगा, पुढचं सांगायची गरज नाही."

कुणी विचारलंच नाही. समितीतल्या एका सरांनी निकालाचे तक्ते पाहिले, "छान काम आहे," म्हणाले आणि पुढच्या विभागात गेले.

समिती गेल्यानंतरच्या सोमवारी शिपाईमामा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, ऑफिसातून सांगितलंय." स्टूल डगमगत होतं, म्हणून मी ते धरलं. चार स्क्रू निघाले, पाटी निघाली, प्लायवूडवर चार भोकं राहिली. मामांनी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळली. "ठेवून देतो, परत लागेल," म्हणाले. त्यांना माझी समजूत काढायची होती की ऑफिसचा खर्च वाचवायचा होता, मला अजून कळलेलं नाही.

लगेच द्वितीय वर्षाचा तास होता. तो घेतला. बिलात धरला.

अपमान झाला का? झाला. पण तुम्हाला न सांगितलेला भाग वेगळा आहे. पाटी लागली त्या संध्याकाळी मी तिचा फोटो काढून बाबांना पाठवला होता. काहीच न लिहिता, नुसता फोटो. त्यांनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तुमच्यापैकी काहींनी त्याखाली अभिनंदन लिहिलंय. पाटी काढल्याचं बाबांना अजून सांगितलेलं नाही, आता हे वाचून कळेल. ती पाटी मला आवडली होती. खोटी आहे हे माहीत असूनही जाता-येता मी तिच्याकडे बघत होते.

नेट झालं तेव्हाची मी असते तर त्याच दिवशी निघून गेले असते, असं मला वाटायचं. पण खोटं आहे ते. ती तर माझ्याहून भोळी होती. 2018 मध्ये राज्याने 3,580 सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी दिली, तेव्हा तिला वाटलं, झालंच आता. मे 2020 मध्ये करोनामुळे वित्त विभागाने नवी भरती थांबवली, तेव्हा म्हणाली, उठेल बंदी. 2021 मध्ये 2,088 जागांना परवानगी मिळाली, तेव्हा पुन्हा फाइल झटकून बसली. आता सोडलं तर इतक्या वर्षांचं पाणी होईल, हे तिचंच म्हणणं. बुडीत खर्चाकडे बघून पुढचा निर्णय घेऊ नये, हे मी वर्गात शिकवते. उदाहरणंही बरी देते.

"शिकवायला आवडतं म्हणून" हे उत्तर मी मुद्दाम टाळते. ते दिलं की तुमचा चेहरा सैल होतो, आणि कमी पैसे देणाऱ्यांचाही. पण आवडतं, हे नाकारू कशी? पहिल्या बाकावरच्या मुलीला मागणीचा वक्र अचानक कळतो तेव्हा मला बिलाची आठवण येत नाही. बाहेर पडल्यावर येते.

ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतनाचा न्याय दिला आणि समारंभांत नुसतं 'गुरुर्ब्रह्मा' म्हणून भागत नाही, असंही सुनावलं. बातमी तुम्ही सगळ्यांनी मला फॉरवर्ड केलीत, अंगठ्याच्या इमोजीसकट. आभार. पण ते लोक महिन्याच्या ठरावीक रकमेवर होते, आम्ही तासावर. आमच्यापर्यंत ते कसं पोचेल, पोचेल का, हे विचारायला वकील लागतो आणि वकिलालाही तासाने पैसे द्यावे लागतात. त्याचा दर माझ्यापेक्षा बरा आहे.

यंदाची जाहिरात अजून यायची आहे. अर्ज करशील का, असं आज विचारलंत तर नाही म्हणेन. गेल्या वर्षीही नाहीच म्हटलं होतं.