आबांबरोबर खिद्रापूरला

आमचे आबा पाथरवट. कोल्हापुरात जाती, पाटे-वरवंटे, खलबत्ते घडवण्यात आणि दारोदार फिरून पाट्यांना टाकी लावण्यात त्यांची हयात गेली. अंबाबाई तर घरचीच, जोतिबाला चैत्रात जाणं ठरलेलं. खिद्रापूर मात्र कसं कोण जाणे, राहूनच गेलं होतं. परवा नृसिंहवाडीला दर्शन झालं आणि मी म्हटलं, "आबा, कुरुंदवाडावरून तसंच पुढं जाऊया की."

कोपेश्वराचं हे देऊळ कृष्णाकाठी, 12व्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. आबा पायऱ्या चढले, स्वर्गमंडपात आले आणि बोलायचेच थांबले. वर छताला साधारण 13 फुटांचा गोल मोकळा, त्यातून आभाळ दिसतं. खाली तेवढीच गोल शिळा. तिच्याभोवती 12 खांब, सगळ्या मंडपाचे मिळून 48. लोक शिळेवर उभे राहून वर मोबाईल धरत होते. आबा एका खांबाच्या बुडाशी उकिडवे बसले.

"खाली चौकोन, मग आठ कोन, मग गोल. काळा दगड हाय बाळा, लाकूड नव्हं. टाकी जरा जोरात बसली की कपची उडती, आन् उडालेली कपची परत चिकटत न्हाई."

आत देवापुढं नंदी नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. सती दक्षाच्या यज्ञाला गेली तेव्हा नंदी तिच्याबरोबर गेला, म्हणून तो इथं नाही. तो पलीकडं कर्नाटकात येडूरला आहे, असं सांगतात. कोपलेल्या शंकराची समजूत काढायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर. आबांनी दोघांना हात जोडले आणि परत बाहेर दगडाकडं आले.

बाहेर गजपट्ट. देऊळ पाठीवर घेतल्यासारखे 92 हत्ती, कितीतरींच्या सोंडा तुटलेल्या. मला ते बघवत नाही. आबा मात्र एकेका हत्तीच्या गळ्यातल्या माळा, पायातले तोडे निरखत सरकत होते. दोन हत्तींमध्ये थांबून म्हणाले, "ही एका माणसाची टाकी नव्हं. ह्याचा हात हलका हाय. पलीकडचा जड हाताचा."

मी तिथं याआधी तीनदा गेलोय. सगळे हत्ती मला सारखेच दिसले होते.

यादव राजा सिंघणदेवाचा शिलालेख दाखवला. त्यांनी विचारलं, "ह्यात घडवणाऱ्याचं नाव हाय का?"

"न्हाई आबा. देवाला गाव दान दिल्याचं आहे."

ते काही बोलले नाहीत. अक्षरांच्या खाचा तेवढ्या बघत राहिले.

निघताना मी म्हटलं, त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या गोलावर येतो, तेव्हा परत येऊया.

"चांदणं तुम्ही बघा," आबा म्हणाले. "मला सकाळी लौकर आण. तिरप्या उन्हात टाकीचे घाव दिसत्यात."