दारावरची मिरवणूक

क्रोएशियाच्या टूरमध्ये इस्त्रिया म्हटलं की पुला आणि रोविन्य, बस्स. पुलाचं रोमन अँफिथिएटर बघायचं, रोविन्यच्या गल्ल्यांत फोटो काढायचे आणि पुढच्या मुक्कामाला निघायचं. यंदा ग्रुपमध्ये बहुतेक निवृत्त मंडळी होती, घाई कुणालाच नव्हती. म्हणून टूर मॅनेजर या नात्याने मी पाझिनजवळचं बेराम मध्येच घुसवलं.

गावापासून किलोमीटरभरावर झाडीत सेंट मेरीचं छोटं चॅपल आहे. एरवी कुलूप असतं, किल्ली गावात. आधी फोन करून ठेवला होता, त्यामुळे किल्लीवाल्या बाई आमच्याच गाडीत बसून आल्या. बाहेरून साधं दगडी बांधकाम, पुढे पडवी. “याच्यासाठी एवढ्या आडवाटेला आलो?” एका काकूंनी विचारलंच.

आत मात्र भिंतीचा कोपरा न् कोपरा रंगवलेला. कास्ताव्हच्या व्हिन्सेंट नावाच्या चित्रकाराने साथीदारांना घेऊन १४७४ साली हे काम केलं. खर्च बेरामच्याच एका धार्मिक मंडळाचा. पुढे चित्रांवर गिलावा चढला, १८व्या शतकात खिडक्या पाडताना काही चित्रं कापली गेली (ते बघून अजूनही जीव हळहळतो), आणि १९१३ साली गिलाव्याखालून ती परत उजेडात आली. उत्तरेच्या भिंतीवर बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या राजांचा लवाजमाच सुमारे ८ मीटर लांब आहे.

पण सगळे खिळले ते पश्चिमेच्या दारावरच्या पट्ट्यापाशी. लाल पार्श्वभूमीवर सांगाड्यांची मिरवणूक. एक सांगाडा वाद्य फुंकतोय, बाकीचे एकेका माणसाला सोबत घेऊन चाललेत: पोप, कार्डिनल, बिशप, राजा, राणी, खानावळवाला, लहान मूल, लंगडा भिकारी, चिलखतातला सरदार. कुडाळचे एक काका म्हणाले, “अहो, हे आमच्या पिंगुळीच्या चित्रकथीसारखंच की! चित्र दाखवायचं आणि गोष्ट सांगायची.” आणि त्यांनी खरंच सांगायला सुरुवात केली. राणी कुठली, बिशप कुठला यावरून वाद रंगला. किल्लीवाल्या बाईंना मराठीचा गंध नाही, पण चुकीच्या माणसाकडे बोट गेलं की त्या मान हलवून बरोबर माणूस दाखवायच्या.

मिरवणुकीतल्या व्यापाऱ्यापाशी पतसंस्थेतून निवृत्त झालेले दुसरे काका पुढे सरसावले. व्यापाऱ्याशेजारी टेबल आहे, त्यावर पैसे, आणि तो त्यांच्याकडे बोट दाखवतोय. “तडजोडीचं बोलतोय हो,” काका म्हणाले, “आणि समोरचा ऐकत नाहीये.”

चित्रकाराने जागा किती विचारपूर्वक निवडलीय, हे मला तिथे दरवेळी जाणवतं. प्रार्थना करताना हे चित्र पाठीमागे असतं. घरी जायला वळलं की समोर. शेतावर परतणारा बेरामचा माणूस पोप आणि राजाच्या पायांखालून बाहेर पडायचा. पुलाचं अँफिथिएटर भव्य आहेच, पण तिथे कुणी मला एवढे प्रश्न विचारले नव्हते.

निघायची वेळ होऊन गेली तरी कुणी हलेना. शेवटी मी पाझिनच्या रेस्टॉरंटला फोन करून जेवण अर्धा तास पुढे ढकललं. मघाच्या काकू म्हणाल्या, “तासभर ढकला.”