एक तिरपी पट्टी की फुली?

लायसन्स आहे पण गाडी काढायची भीती वाटते, असे बरेच जण आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीला येतात. त्या दिवशीच्या मॅडम त्यांतल्याच. वडिलांना तपासणीसाठी रुग्णालयात सोडायचं होतं, म्हणून आजचा तास त्याच रस्त्यावर घेऊ या का, असं त्यांनी विचारलं. मी शेजारी बसलो, काका काठी सांभाळत मागे.

रुग्णालयाचं फाटक आलं आणि मागे पडलं. वळसा घालून परत आलो, तरी गाडी थांबेना. "अगं, थांब की," काका म्हणाले. "बाबा, नो पार्किंगची पाटी आहे, दंड होईल!"

सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "त्या निळ्या गोलावर लाल तिरपी पट्टी एक होती की दोन पट्ट्यांची फुली?" मॅडमना आठवेना. पुन्हा फाटकाशी आलो तेव्हा त्यांनी नीट पाहिलं. पट्टी एकच होती. एक पट्टी म्हणजे गाडी लावून ठेवायची नाही. माणूस चढायला-उतरायला किंवा सामान काढायला लागतो तेवढा वेळ थांबणं पार्किंगमध्ये मोडत नाही. रस्ते वाहतुकीच्या १९६८च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातही हाच फरक केलेला आहे. फुली असेल तर मात्र माणूस उतरवायलासुद्धा थांबायचं नाही. मॅडमनी गाडी कडेला घेतली आणि काका सावकाश उतरले.

तेवढ्यात मागून सायरन आला. पुढच्या फाटकातून रुग्णवाहिका आत जातात, तिथे फुलीची पाटी ठळक लावलेली होती. नेमकी तिच्याखालीच एक व्हॅन उभी होती, चारही इंडिकेटर लुकलुकत होते आणि ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. रुग्णवाहिकेला आत वळायला जागाच उरली नाही. शेवटी स्ट्रेचर रस्त्यावरच उतरवलं. एका हाताने सलाइनची बाटली उंच धरून वॉर्डबॉय ते व्हॅनला वळसा घालून आत ढकलत नेत होता. व्हॅनवाला आला तो म्हणतच, "दोनच मिनिटं, आणि इंडिकेटर चालू होते ना!"

ही समजूत ऐकली की मला संताप येतो. ते दिवे मागच्याला सांगतात की पुढे गाडी उभी आहे, सांभाळा. त्यांनी थांबण्याची परवानगी मिळत नाही.

मॅडम स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "कडेच्या पिवळ्या रेघेचं काय?" तिचा अर्थ देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये दुहेरी पिवळ्या रेघेवर प्रवासी उतरवता येतो, दुहेरी लाल रेघेवर सहसा तेही चालत नाही. म्हणून ज्या देशात चालवायचं तिथलं नियमपुस्तक वाचावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये. चौकातल्या पिवळ्या जाळीचा तर पार्किंगशी संबंधच नाही. पलीकडे गाडीपुरती जागा मोकळी दिसत नसेल तर त्या जाळीत शिरायचं नाही, एवढंच ती सांगते.

पुढच्या खांबाशी त्यांनी आपणहून वेग कमी केला. "एकच पट्टी. खाली बाण मागच्या बाजूला, म्हणजे बंदी इथे संपली." बरोबर होतं. झेब्रा क्रॉसिंगपासून पुरेसं अंतर सोडून त्यांनी तिथे गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि काकांना गाठायला त्या झपाझप निघाल्या.