गुडघा, वजन आणि लेडीज बॅच: माझा अनुभव

गेल्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्सरे बघितला आणि म्हणाले वजन कमी करा, व्यायाम वाढवा, आता गुडघाच दुखतोय तर व्यायाम वाढवायचा कसा हे मीच विचारल्यावर म्हणाले, स्विमिंग लावा. वय वर्षं 52. लहानपणी गावाला भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकला आणि आम्ही मुली काठावर कपडे सांभाळत बसायचो, एवढाच माझा पोहण्याशी संबंध.

तरी नाव घातलं. फिटनेस सर्टिफिकेट, दोन फोटो, टोपी, गॉगल आणि बाह्या असलेला गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम. पहिल्या दिवशी टॉवेल गुंडाळून दहा मिनिटं चेंजिंग रूममध्येच बसले होते, मग बाहेर येऊन बघते तर सगळ्या माझ्यासारख्याच, कोणाला कोणाकडे बघायला वेळ नाही.

पहिला आठवडा नुसता रॉड धरून पाय मारायचे. तो जमला, पण श्वास काही जमेना. नाकातोंडात पाणी, ठसका, डोळे लाल. आमच्या कोच मॅडमनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, ताई तुम्ही पाण्यात श्वास कोंडून धरता, मग तोंड वर आलं की तेवढ्यात सोडायचाही आणि घ्यायचाही, कसं जमणार? आत असतानाच सोडून टाका. त्यांनी मला पाण्यात तोंड घालून गुणगुणायला लावलं, गुणगुणलं की नाकातून हवा आपोआप जाते आणि पाणी आत येत नाही. मला ऐनवेळी आरतीच आठवली! पंधरा दिवस मी पाण्याखाली आरती म्हणत होते, पण खरं सांगते, तिथून पुढे पोहणं आलं.

मंगळवार-गुरुवार पाण्यातल्या व्यायामाचा क्लास असतो, गुडघ्याला खरा आराम त्याने पडला असं माझं मत. छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढाच भार येतो, त्यामुळे जमिनीवर ज्या उड्या मी स्वप्नातही मारल्या नसत्या त्या तिथे मारते. फोमचे डंबेल्स असतात, ते उचलायला काहीच लागत नाही, पाण्याखाली दाबायला मात्र घाम फुटतो (पाण्यात घाम कळत नाही ही वेगळी गोष्ट). आणि हात जेवढ्या जोरात फिरवाल तेवढं पाणी जास्त अडवतं, दुप्पट वेगाला जवळजवळ चौपट, म्हणून सत्तरीच्या आजी आणि पंचविशीची पोरगी एकाच रांगेत, ज्याने त्याने आपल्या बेताने.

एक राग आहे तो सांगते. बायका डोक्याला तेल चोपडून अंघोळ न करता सरळ पाण्यात उतरतात आणि वर क्लोरीनचा किती वास येतो म्हणतात. अहो तो उग्र वास क्लोरीन आणि आपला घाम-मळ एकत्र आल्यावरच येतो!

पहिल्या महिन्यात वजन एक किलो वाढलं 😀 कारण पाण्यातून बाहेर आलं की जी भूक लागते ती लागते आणि गेटसमोरच वडापावची गाडी. मग घरून फुटाणे आणि उकडलेलं अंडं न्यायला लागले. मध्ये फिल्टर बिघडला म्हणून तलाव तीन आठवडे बंद, पासची मुदत वाढवून द्या म्हणून अर्ज दिला, अजून उत्तर नाही.

आठ महिन्यांत वजन चार किलोच उतरलं. पण तीन जिने न थांबता चढते आणि 25 मीटरच्या दहा फेऱ्या मारते, मध्ये मध्ये थांबत. पोहण्याने हाडांवर भार येत नाही म्हणून डॉक्टरांनी एक दिवसाआड चालायलाही सांगितलंय, तो भाग जरा कंटाळ्याचा.

दिवाळीत गावाला गेले तर भाऊ म्हणाला, आता येतं ना, मार उडी विहिरीत. वाकून बघितलं, हिरवं पाणी, तळ दिसेना, धरायला रॉड नाही. म्हटलं तूच मार बाबा, मी कपडे सांभाळते.