ती छोटी पुडी मी कधीच लावली नाही

बीटी कपाशी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी कपाशी. तिच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटी, म्हणजे विष नसलेल्या साध्या बियाण्याची पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावायची असते, हे ठाऊक होतं. पण अळीसाठी कपाशी कशाला लावायची, म्हणून ती कोठ्यातच पडून राहायची.

२०१७ साली दिवाळीनंतर वेचणीला गेलो. बोंड वरून हिरवंगार. अंगठ्यानं फोडलं, तर आतली सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला आणि त्यात गुलाबी अळी वळवळत होती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तेच. मी तिथंच सरीत बसलो.

बीटीचं विष पचवणारी अळी सुरुवातीला क्वचितच असते. तिच्या पतंगाचा संकर नॉन-बीटीवर वाढलेल्या साध्या पतंगाशी झाला, तर पुढची बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात. साधे पतंगच नसले, की वाचलेले आपसात जुळतात आणि त्यांची सगळी पिल्लं तगतात. त्यात ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, आणि आम्ही फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पुढच्या बोंडांसाठी राखलेली कपाशी, ठेवून तिला उन्हाळ्यापर्यंत पोसत होतो.

आता नॉन-बीटी बी पाकिटातच मिसळून येतं, हे फार बरं झालं. मी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावतो आणि रोज सकाळी पतंग मोजतो. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ आले, तरच फवारणी. डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्यानं नीट न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून जाळतो. डिसेंबरअखेर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटतो.

शेजारच्या काकांची फरदड अजून उभी आहे. उद्या पुन्हा त्यांच्याकडे जातो.