पितळातलं ॲल्युमिनिअम सुटलं (जाड किसापुरतं तरी)

कानशीखाली एकत्र पडलेला लोखंड, स्टेनलेस, पितळ आणि ॲल्युमिनिअमचा कीस वेगवेगळा करायचा, हा माझा खटाटोप. मागच्या नोंदीत पितळाच्या किसात ॲल्युमिनिअम अडकलंय, इथवर आलो होतो. काल रात्री ते सुटलं!

आधी लोखंडाचं उरकतो. निओडायमियमचं जोरदार चुंबक पहिल्याच फेरीला फिरवलं की लोखंडाचे झुपके उठतात आणि त्यांत पितळही वर येतं. म्हणून आता पहिली फेरी जुन्या स्पीकरमधल्या फेराइट चुंबकाची. त्याची ओढ बेताची, त्यामुळे लोखंड बऱ्यापैकी स्वच्छ निघतं. निओडायमियम त्यानंतर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. या दुसऱ्या फेरीला जो करडा कीस अगदी हलकेच चिकटला, तो ३०४ या प्रकारच्या स्टेनलेसचा! अखंड पट्टीला चुंबक जवळजवळ लागत नाही, पण कानशीच्या ओरबाडण्याने तिथली स्फटिकरचना बदलते आणि कीस चुंबकाला ओढला जातो. हे फार कामाचं आहे. स्टेनलेसची घनता ८ च्या आसपास, पितळाची ८.५, म्हणजे पाण्याने ही जोडी कधीच सुटली नसती.

आता खरं दुखणं. ॲल्युमिनिअमची घनता २.७. कागदावर पाहिलं तर परातीत पाणी घेऊन तांदूळ रोळतात तसं रोळलं की काम व्हायला हवं. प्रत्यक्षात तळाच्या पितळात पांढरे कण राहायचेच. ते तसेच मुशीत गेले तर रसावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि ओतकामात सच्छिद्रपणा येतो.

कारण कणांच्या आकारात आहे. पाण्याच्या घनतेहून (१) पितळाची घनता ७.५ ने जास्त, ॲल्युमिनिअमची १.७ ने, म्हणजे साधारण ४.४ पट फरक. पण बारीक कणांचा बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे दुप्पटीहून किंचित जाड ॲल्युमिनिअमचा कण पितळाच्या बारीक कणाबरोबरच तळ गाठतो. मिश्र आकाराचा कीस कितीही रोळा, हे दोघे बरोबरच राहणार. आधी चाळायचं, मग रोळायचं. मुंबईच्या नागदेवी बाजारातून ३०, ४० आणि ६० मेशची (मेश म्हणजे एका इंचात किती भोकं; आकडा मोठा तितकी जाळी बारीक) स्टेनलेस जाळी आणली, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर ताणून बसवली. ऑनलाइन मागवलेल्या चाळणीची भोकं एकसारखी नव्हती; जाळी हाताने चाचपून, उजेडात धरूनच घ्या.

एक टप्पा विसरू नका: कटिंग ऑइल. तेलकट पितळ पाण्यावर सोनेरी साय धरून तरंगतं, आणि वाहतं पाणी आधी तेच घेऊन जातं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि ती साय कडेपासून फाटत खाली बसली. मग प्रत्येक चाळ वेगळी रोळली. ४० च्या जाळीवर राहिलेला कीस असा स्वच्छ निघाला की भिंगाखालीही पांढरा कण दिसेना. सराफांच्या दुकानातला केर धुऊन सोनं काढणारे झारेकरी हे काम हाताच्या अंदाजाने करत आले आहेत. त्यांच्याबद्दलचा माझा आदर दुणावला.

६० च्या जाळीतून खाली पडलेली भुकटी मात्र अजून अडून आहे. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनिअम विरघळवा, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. त्यात हायड्रोजन सुटतो, बंद खोलीत ते नको, आणि मला ॲल्युमिनिअमही हवंय. फिरत्या चुंबकांनी धातूत वीजप्रवाह (एडी करंट) उठवून कण बाजूला रेटणारं यंत्र बांधायचा विचार होता; तोही रद्द, कारण एवढ्या बारीक कणांवर तो रेटा नगण्य पडतो.

हे लिहितानाच सुचलं: परात सोडून उभ्या पारदर्शक नळीत खालून पाणी सोडलं तर? वेग असा ठेवायचा की ॲल्युमिनिअम वर वाहून जाईल आणि पितळ खाली बसेल. भुकटीही आधी १०० मेशवर विभागावी लागेल. मत्स्यालयाचा पंप आहे, पण त्याचा प्रवाह फार जोरात आहे. इतका मंद आणि स्थिर प्रवाह कुणी मिळवला असेल तर कसा ते सांगा; उंचावर बादली टांगून बारीक व्हॉल्व्ह लावायचा बेत सध्या डोक्यात आहे.